पंपाच्या तोंडचा नट

साहेबाच्या त्या बोटीचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. कुण्या गोऱ्या माणसाची जुनी लाकडी मोटारबोट साहेबानं मुंबईहून ट्रकवर घालून आणली आणि चिंचवडच्या बंगल्यामागं पत्र्याखाली ठेवली. लाकूड सुतारानं नवं केलं, पण इंजिन मेलेलं. ते जिवंत करायला बोलावलं आमच्या ह्यांना, कारण कंपनीत ह्यांच्या तोडीचा फिटर नव्हता. बदल्यात माझ्या धाकट्या भावाला पर्मनंट करीन असा साहेबानं शब्द दिला. भाऊ त्याच कंपनीत टेंपररी. काही महिने काम, मग ब्रेक, की परत चाकणजवळच्या आमच्या गावात बाजरी राखायला. पर्मनंट नाही म्हणून त्याला कुणी पोरगी देईना, आणि आई माझ्याकडं येऊन डोळे पुसायची. मग काय, आमचे सगळे रविवार साहेबाच्या बंगल्यावर गेले.

इंजिनापेक्षा पेट्रोलच्या नळीनं ह्यांचा जीव खाल्ला. टाकीपासून पंपापर्यंत, पंपापासून कार्बोरेटरपर्यंत तांब्याची नळी, आणि दर जोडाला पितळेचा नट. काही नट हरवलेले, काही झिजलेले. जुन्या इंजिनाचे आटे इंची, बाजारात नवे मिळायचे ते मिलिमीटरचे. दिसायला सख्खे भाऊ, पण एकमेकांत बसायचे नाहीत. हे पुण्याच्या जुन्या बाजारातून पिशवी भरून नट आणायचे आणि मी तांदूळ निवडावेत तसे ते निवडायची. ह्यांनीच शिकवलेलं, नुसत्या बोटानं फिरव. सरळ आत गेला तर आपला. दोन आटे जाऊन अडला तर सोड. पाना लावून कोंबलास तर बसेल, पण आटे खाईल आणि पुढं गळेल. "पेट्रोल आहे ते, नळाचं पाणी नाही," असं बजावायचे.

सगळे जुळले, एक राहिला. पंपाच्या तोंडचा. जंग जंग पछाडलं, मिळेचना. शेवटी भोसरीत एका ओळखीच्या शेडमध्ये लेथवर करायला घेतला, तर तिथं आठवडाभर लाइट नाही. इकडं साहेबानं रविवारी पाहुण्यांना पवनेच्या धरणावर बोटीतून फिरवायचं कबूल केलेलं. हे म्हणाले, "साहेब, एक रविवार थांबा." साहेबाचं तोंड कडू झालं.

ते तोंड माझ्या भावानं बघितलं. साहेब बिनसला तर पर्मनंटचं काय? शनिवारी आम्हाला न विचारता तो बंगल्यावर गेला. पिशवीतला मिलिमीटरचा नट काढला, पाना लावून कोंबला. गळायला लागला तर वरून धुण्याचा साबण चोळला. रस्त्यात ड्रायव्हर लोक असंच करतात. पेट्रोलात साबण विरघळत नाही, गाडी कशीबशी घरी जाते. अरे पण ही बोट आहे, गाढवा! खाली पाणी, चहूकडं पाणी. वर साहेबाला सांगितलं, "दाजींनी नट पाठवला व्हता, मी बसवला."

रविवारी बोट धरणाच्या मधोमध गेली. आत पाणी उडालं, साबण वाहून गेला. पेट्रोलचा वास सुटला, इंजिन ठसकलं आणि बंद. पाहुण्यांच्या बायकापोरांनी एकच कालवा केला. भाऊ मदतीला म्हणून बोटीतच होता. त्यानं कमरेला दोरी बांधून उडी मारली आणि पोहत पोहत बोट काठाला ओढून आणली. विहिरीत पोहून वाढलेलं पोरगं ते. साहेबानं सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली आणि म्हणाला, "उद्याच तुझी ऑर्डर काढतो." घ्या! आग लावणारा तोच आणि विझवणाराही तोच.

संध्याकाळी तो आमच्या खोलीवर येऊन ह्यांच्या पायावर पडला. "दाजी, तुमी खरं सांगितलं तर मी मेलो. जल्मात पर्मनंट व्हनार न्हाई."

"मर मग," मी म्हटलं. खरंच म्हटलं.

हे मला म्हणाले, "अगं, त्याचं सगळंच व्हायचंय अजून. मला काय करतील? चार शब्द बोलतील." सोमवारी साहेबानं विचारलं, "तो नट तू दिला होतास?" हे म्हणाले, "हो."

चार शब्दांवर भागलं नाही. ह्यांची ठरलेली फोरमनची जागा दुसऱ्याला गेली आणि ह्यांना फौंड्रीत टाकलं, वाळूच्या धुरळ्यात. भावाला ऑर्डर मिळाली, बायको मिळाली, मागून स्कूटर आली. ह्यांना खोकला लागला तो लागलाच.

पुढं एका भाऊबीजेला भाऊ पाटावर बसून माझ्या पोरांना गोष्ट सांगत होता. कसली? बोटीची! "तुमच्या बापानं चुकीचा नट दिला, आन् मामानं पोहून सगळ्यांचा जीव वाचवला." पोरं बापाकडं बघून हसली. हेही हसले.

माझ्या हातात ओवाळणीचं ताट. मी म्हटलं, "पोरांना खरं सांग. नट कुणी बसवला?"

त्यानं मान खाली घातली. "आक्का, सणासुदीला जुनं कशाला उकरतीस?"

"ओवाळ गं त्याला," हे खोकत खोकत म्हणाले.

मी ओवाळलं. भाऊबीजेला बहीण भावाला औक्ष मागते. मी ताट भावापुढं फिरवलं आणि औक्ष नवऱ्याला मागितलं. तेही मिळालं नाही.