साडूंचा कायमचा बंदोबस्त

आमचे साडू शाळेत चित्रकला शिकवत. यंत्रांचं ज्ञान त्यांना कुठून झालं हे त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीलाही ठाऊक नाही. पण झालं खरं, आणि घरात मेकॅनिकला बंदी आली. कपडे धुऊन वाळवूनही देणारं त्यांचं म्हातारं मशीन फक्त साडूंनीच उघडायचं. दर खेपेला दोन-चार स्क्रू उरायचे. "कंपनी जास्तीचे देते," म्हणत ते डबीत टाकायचे. डबी भरली, मशीन खुळखुळायला लागलं, साडूंचा रुबाब मात्र तसाच. शेजारी त्यांना 'मिस्त्री' म्हणत, तेही कौतुकानेच, असा त्यांचा समज.

या मशीनच्या पायथ्याशी कचरा अडवणारी जाळी असते. झाकण काढून ती अधूनमधून धुवायची, एवढीच खरी देखभाल. एकदा साडूंनी झाकण तिरकं बसवलं आणि पाणी ठिबकलं. सरळ बसवण्यात कमीपणा वाटला असावा. त्यांनी सभोवार खिडकीच्या काचा बसवायची लांबी थापून ते चिणूनच टाकलं. म्हणाले, "कायमचा बंदोबस्त."

पुढे त्यांच्या मुलीला नर्सची नोकरी लागली. पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिचे दोन्ही पांढरे गणवेश मशीनमध्ये होते आणि मशीन मध्येच थांबलं. पाणी आत, गणवेश आत, दार घट्ट बंद. मी चहाला टेकलो होतो. अशा वेळी मी बरोबर पोहोचतो.

साडूंनी मागचा पत्रा काढला आणि आत नुसते बघत राहिले.

"मेंदूत ओल शिरलीय," ते म्हणाले.

"कुणाच्या?" मेहुणीने विचारलं.

"बाबा, मी उद्या घालू काय?" पोरगी रडकुंडीला आली.

"परवा गेलीस तर दवाखाना पळून जाणारे का?"

मेहुणी उठली. स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि घातला लांबीवर. झाकण सुटलं. गढूळ पाण्याचा लोंढा साडूंच्या पायांवरून गेला. मागोमाग मांजराएवढा केसाळ बोळा आला आणि त्यात साडूंचा मिशीचा कंगवा. तो हरवला तेव्हा त्यांनी माझा खिसा चाचपला होता.

जाळी धुतली, मशीन चालू केलं. जेवणं होईतो गणवेश कोरडे ठणठणीत.

"मी म्हणतच होतो, पाणी अडकलंय," साडू पाय पुसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोरगी वेळेवर कामावर गेली. साडू लांबीचा नवा डबा घेऊन आले. पण बत्ता आता मशीनवरच असतो, म्हणून डबा अजून उघडलेला नाही.