माझ्या बाकावरून आलेले उत्तर

वितळत्या मेणाचा वास आला की पुंडलिकनगरातला इंग्रजीचा तो सायंवर्ग आठवतो. एम.ए. होऊनही चाळिशीत मी क्रियापदांचे भूतकाळ-भविष्यकाळ घोकत होते, तेही सर्वांच्या सुरात नुसते ओठ हलवून. आज गप्प राहिले तर वर्ग सोडायचा, असे ठरवूनच त्या संध्याकाळी गेले होते. मध्येच वीज गेली, तरी मॅडम अंधारात एकेकीला क्रियापदे विचारत राहिल्या. माझे नाव घेऊन म्हणाल्या, ‘गो.’ मी ओठ घट्ट मिटून घेतले. तरीही माझ्या बाकावरून, माझ्याच आवाजात, संथ उत्तर आले, ‘वेन्ट, विल गो.’ कोणीतरी मेणबत्ती लावली. ‘लई भारी बोललात की ताई, उगंच लाजता,’ मागची म्हणाली. माझ्या शेजारी कोणीच नव्हते. आता मी सफाईने इंग्रजी बोलते; पण बोलण्याआधी क्षणभर थांबते, आधीच कोणी सुरुवात तर केली नाही ना, हे ऐकण्यासाठी.