अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

लातूर वेगळा जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. बऱ्याच कचेऱ्या अजून भाड्याच्या घरांत होत्या, आणि त्यात दुष्काळ पडला. मी तेव्हा नांदेडला टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. नांदेड ते लातूर आम्ही नवीन डिजिटल लिंक उभी केली होती; तारांऐवजी टॉवरवरून टॉवरकडे सिग्नल जायचा. मधल्या माळावर सिग्नल उचलून पुढं धाडणारं एक रिपीटर स्टेशन होतं. एक खोली, एक टॉवर आणि मागं टेक्निशियनचं क्वार्टर.

लिंक चालू झाली, पण दुपार झाली की आवाज तुटायचा. लातूरच्या टंचाई कक्षातून टँकरचे निरोप याच लाइनवरून सुटायचे. बाकी बोलणं कळायचं आणि नेमकं गावाचं नाव कटकन जायचं. एकदा टँकर भलत्याच गावाला जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मी जीपमधून माळावर निघाले, सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मांडीवर धरून.

डिजिटल सिग्नल म्हणजे ठोक्यांची ओळ, सेकंदाला लाखो ठोके. प्रत्येकानं आपल्या वेळेला यायचं. कुणी जरा आधी, कुणी जरा उशिरा असं डळमळायला लागलं की पुढचं यंत्र एकाचं शून्य वाचतं. या डळमळीला आम्ही जिटर म्हणायचो. स्कोपवर सगळे ठोके एकावर एक पाडले की मधोमध डोळ्यासारखी मोकळी जागा दिसते. ठोके वेळेवर असले तर डोळा टक्क उघडा. डळमळले की तो मिटत जातो.

सकाळी माळावर वीज नव्हती, स्टेशन बॅटरीवर चालू होतं. डोळा छान उघडा. दुपारी वीज आली आणि माझ्यासमोर तो मिटायला लागला.

लातूरच्या साहेबांचा फोन आला. "सापडलं का?"

"मोजतेय, साहेब."

"मोजत काय बसलात? यंत्रातलं कार्ड बदला."

"बदललं. फरक नाही."

"कलेक्टर ऑफिसातून माझा जीव खाऊन राहिलेत. आज कारण नाही कळलं तर उद्या लिंक बंद करून जुन्या तारांवर जातो. मग तुमचं तुम्ही बघा."

मी फोन ठेवला. जुन्या तारांवर तर लातूर लागायचंच नाही.

जिटर मोजायच्या मीटरमधून नुसती डळमळ बाजूला काढली आणि ती स्कोपवर घेतली. पडद्यावर गवतासारखा गोंधळ. मग सुचलं म्हणून स्कोपला विजेच्या तालावर चित्र धरायला लावलं. गवत जागच्या जागी थांबलं. एक स्वच्छ लाट उभी राहिली. म्हणजे ही डळमळ विजेच्या तालावर नाचत होती. बॅटऱ्यांच्या चार्जरमधून येत असणार.

टेक्निशियनला म्हटलं, "चार्जर बंद करा."

तो जागचा हलला नाही. "बाई, बॅटऱ्या सकाळधरनं उतरल्यात. बंद केलं अन् बॅटऱ्यांनी दम सोडला तर समदंच बसंल."

"थोडाच वेळ. मी सांगते."

त्यानं बटण खाली केलं. दिवे पिवळे पडले. मी पडद्याकडं बघत होते. डोळा उघडला, लख्ख. "लावा, लावा!" मी ओरडले. चार्जर चालू झाला आणि तो पुन्हा मिटला.

चार्जरचा कचरा जमिनीत उतरायला हवा होता, तो सिग्नलमध्ये का शिरत होता? आम्ही बाहेर येऊन अर्थिंग, म्हणजे यंत्रापासून जमिनीत पुरलेली तार, तपासलं. तारेला जमीन धरतच नव्हती. खड्ड्यावरची फरशी उचलली. आतल्या मीठ-कोळशाचा भुगा झालेला, माती भेगाळलेली. ओल असली तरच जमीन वीज घेते, म्हणून त्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

"कधीपासून घातलं नाही?"

"कुठनं घालू, बाई? प्यायला न्हाई." क्वार्टरच्या दाराशी पाण्याचा एक ड्रम होता. माझी नजर तिकडं गेलेली त्यानं पाहिली. मग आत जाऊन बादली घेऊन आला.

ड्रममधून भरलेली पहिली बादली मी खड्ड्यात ओतली, ती आवाज न करता गेली. दुसरी उचलली तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला.

"ए बाय! मातीत पानी वतून राहिलीस? डोकं ठिकान्यावर हाय का?"

रिकाम्या घागरी घेऊन गावाकडं निघालेल्या बाया थांबल्या होत्या. एक वयस्कर बाई फाटक ढकलून आत आली. बाकीच्या फाटकाशी दाटल्या. टेक्निशियन माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"मावशी, टँकरचा निरोप या यंत्रातून जातो," मी म्हटलं. "जमीन कोरडी पडली म्हणून गावांची नावं तुटायला लागलीत."

"आमचं गाव तुटलं का?"

"ते मला माहीत नाही."

खोटं सांगितलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. तिनं ड्रमकडं पाहिलं, क्वार्टरच्या दाराआडून बघणाऱ्या टेक्निशियनच्या बायकोकडं पाहिलं.

"वत. पर समदं वतू नको. अर्धं ठिव त्या पोरीला."

तिसऱ्या बादलीनंतर मी आत धावले. ती माझ्यामागं आली. पडद्यावर काही होईना. मग डोळा जरा फाकला, थोडा थांबला, आणखी फाकला. मी लातूरचा टंचाई कक्ष लावला आणि फोन तिच्या हातात दिला. "तुमच्या गावाचं नाव सांगा."

तिनं हाक मारावी तसं ते सांगितलं. पलीकडून कारकुनानं तेच नाव जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिनं फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडं बघत राहिली. मला तिथंच रडू आलं.

"आता लिवून घे म्हनावं," ती म्हणाली.

साहेबांनी लिंक बंद केली नाही. पण टँकर दुसऱ्या दिवशीही त्या गावात आला नाही. निरोप नीट पोचला तरी टँकर भरायला कुठंतरी पाणी लागतंच. तो आला तेव्हा चिखलासारखं पाणी घेऊन आला, असं टेक्निशियननं फोनवर सांगितलं.

खोल अर्थिंगची मंजुरी यायला पावसाळा उजाडला. तोवर नांदेडच्या आमच्या कँटीनमधलं भांडी धुतलेलं पाणी कॅनमध्ये भरून मी जीपनं माळावर नेत होते. जमिनीला तेही चालायचं. क्वार्टरसाठी वेगळा कॅन असायचा, स्वच्छ पाण्याचा, आणि तो मी आधी उतरवायला सांगायची.