शब्द केव्हाच सापडला होता

वसंता,

मी निघालो त्या सकाळी अण्णा एस.टी.च्या खिडकीखाली उभे होते. देवळातली पूजा उरकून तसेच आले होते, ओल्या सोवळ्यात, लोकांपासून चार हात लांब. "दोन वर्षांत ये. देव थांबेल, माझे गुडघे थांबायचे नाहीत," म्हणाले. तू माझी ट्रंक टपावर चढवलीस. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकला तुला प्रवेश मिळाला होता. मी परतून पूजा हातात घेईपर्यंत तू अण्णांना मदत करायची, मग पुन्हा अर्ज करायचा, असं ठरलं होतं.

हॉलंडला मी एका शब्दावर प्रबंध लिहायला आलो. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर चर्चला 'चिर्चा' म्हणतात. तो तिथे कसा पोचला, हा विषय. दोन वर्षांनी अण्णांनी विचारलं, कधी येतोस? मी कळवलं, शब्दाचं मूळ अजून सापडत नाही. पुढच्या वर्षी तेच. अण्णा गेले तेव्हाही तेच.

खोटं होतं ते. मूळ मी यायच्या कितीतरी आधी पुस्तकांत छापलेलं होतं. ग्रीकमध्ये 'प्रभूचं घर'. त्यातलं 'घर' वाटेत गळालं, उरलेला शब्द जर्मन टोळ्यांनी उचलला आणि पुढे खलाशांबरोबर तो बेटांवर गेला. इथला चर्चसाठीचा डच शब्द 'केर्क' त्याचाच भाऊ. मला मधले एकदोन मुक्काम तेवढे तपासायचे होते. प्रबंध वेळेत झाला, नोकरी लागली. त्या गाभाऱ्यात मला परतायचं नव्हतं आणि तसं लिहायची हिंमत नव्हती.

तू पुन्हा अर्ज केलाच नाहीस. पूजा चुकवता येत नाही, म्हणून एक रात्रही गावाबाहेर राहिला नाहीस. आणि मी, मोकळा म्हणवणारा, हूफडॉर्पच्या या फ्लॅटमध्ये तुझा फोन वाजला की दचकतो. "दादा, सापडला का रे? की डच लोकांनी दडवून ठेवलाय?" तू हसतोस, मी नवं ठिगळ लावतो.

परवा म्हणालास, "देवस्थान तुझा सत्कार करतंय. एका शब्दामागे जन्म घालवणारा माणूस आपल्या गावचा! व्हिडिओवर चार वाक्यं बोल." मी हो म्हणून बसलो.

सत्कार नको. त्या दिवशी हे पत्र वाचून दाखव. फोनवर तू हसशील आणि मी पुन्हा खोटं बोलेन, म्हणून लिहून पाठवतोय. माझ्यासारखे निघून आलेले, 'येतोच' म्हणणारे पुष्कळ आहेत; त्यांनीही ऐकावं.

घर म्हणजे आता माझं बोलणं खरं मानणारा तू, एवढंच उरलंय. पत्र पेटीत टाकलं की तेही माझ्या हातात राहणार नाही. तरी टाकतोय. यापुढचा फोन तुला करावासा वाटला तरच कर.

तुझा दादा