दहाचा दोस्त

इंदूच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी फोन ठेवला, हातातली शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले आणि मग मला रडू कोसळलं. त्याला आता महिना होऊन गेला.

आमची गाठ गणितानं घालून दिली. बाभुळगावजवळचं आमचं खेडं, चौथीपर्यंतची शाळा. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी मला पहिलीत घातलं आणि बजावलं, "दाराशी बसाचं नाही. सगळ्याइच्या समोर बसाचं." मी बसले. पण माझ्या शेजारी कोणी बसेना. तिथं आले आमचे गुरुजी आणि त्यांचा 'दहाचा दोस्त'. दर शनिवारी ते प्रत्येकाच्या मुठीत मोजून चिंचोके द्यायचे, कोणाला दोन, कोणाला आठ. आपले मोजायचे आणि ज्याच्या चिंचोक्यांनी दहा भरतील तो दोस्त शोधायचा. मग दोघांनी एका पट्टीवर बसून, एकाच पाटीवर दिवसभराची गणितं सोडवायची.

पहिल्याच शनिवारी मला तीन आले. समोर इंदू, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची लेक, बोट लावून मोजत होती. मीही लांबून तिच्याबरोबर मोजले... सात! मी उठले, तिच्याकडे निघाले. तिनं मला पाहिलं, हात तोंडाकडे नेला आणि ओरडली, "मले सहाच हायेत!" आणि चारवाल्या वत्सलेजवळ जाऊन बसली. वर्गात उरलो मी आणि सहावाला मारोती. आमचे दोघांचे मिळून नऊ.

"एक कुठी गेला?" गुरुजींनी विचारलं. "मी मोजून देल्ले." सगळी पोरं खाली वाकून शोधू लागली. मी तेवढी उभी. मला ठाऊक होतं, पण सांगितलं असतं तर कोणाला खरं वाटलं असतं? सहा वर्षांच्या जिवाला वाटलं, आपले आता जन्मभर नऊच.

तेवढ्यात इंदू उठली. गालातला चिंचोका काढून तळहातावर ठेवला. "मले सातच आलते, गुरुजी. आत्यानं सांगतलं, तिच्यापाशी बसू नको." आणि सरळ माझ्यापाशी येऊन चिंचोका पुढे केला.

मी म्हटलं, "पूस आंधी. उष्टा हाये."

तिनं झग्याला पुसला. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ हसत होते.

घरी इंदूला मार बसला. तिचे काका शाळेत आले. गुरुजींनी त्यांच्यापुढे सात आणि तीन चिंचोके मांडले. म्हणाले, "याइचे दहाच होतेत, पाटील. तुम्ही दुसरं काही करून दाखवा." पाटील आले तसे परत गेले आणि खेळ चौथीपर्यंत चालला. पुढे मी मास्तरीण झाले, ती लग्न होऊन बोरी अरबला गेली. म्हातारपणी मी तिला चिडवायची, "गाल फुगला होता तुहा. गुरुजीनं धरलंच असतं, म्हणून उठली तू." ती फणकारायची, "जाय वो, खोटारडे!" पण खरं सांगते, चिंचोका गिळायला कितीसा वेळ लागतो? तिनं गिळला नाही. माझं अख्खं शिक्षण त्यावर उभं आहे, असं मी मानते.

तेरवीला बोरी अरबला गेले. तिची एक नणंद लगबगीनं पुढे आली, "बाई, तुमच्यासाठी आत खुर्ची टाकली. ताट तिथंच आणतो." बोलणं गोड होतं. अशी गोड खुर्ची मी ओळखते. मी म्हटलं, "पंगतीत बसतो मी," आणि मधोमध बसले. डावीकडे लोक बसले, उजवीकडची पत्रावळ मी हात ठेवून अडवली.

वाढणाऱ्या पोरानं विचारलं, "इथी कोन बसून राह्यलं, आजी?"

"इंदू. वाढ."

आमच्या धम्मात आत्मा मानत नाहीत. मीही मानत नाही. पोरगं क्षणभर घुटमळलं, आणि वाढून पुढे गेलं. मी माझं जेवले, आणि मग तिची पत्रावळ पुढ्यात ओढून तीही संपवली.