दुखत नाय म्हणून हसल्या

मंडळी, मी पेणच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आज दुपारी हमरापूरहून दोघी जावा आल्या. घरात गणपतींचा कारखाना. थिनरचा डबा कलंडला, शेजारी गॅस पेटलेला. धाकटीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. थोरलीने लगेच त्यावर ओला शाडू थापला.

आधी धाकटीचा चेहरा, नाक बघितलं. श्वास ठीक होता. सूज चढायच्या आत बांगड्या कापल्या. पण मातीखाली भाजलंय किती, ते दिसेना.

नळाखाली हात धरून माती धुतली. बोटांना पाणी लागताच धाकटी किंचाळली. मनगटाजवळची कातडी मात्र पांढरी, चामड्यासारखी कडक. तिथं सुई टोचली, तिला कळलंच नाही.

"बघा, तिथं दुखत नाय! मातीनं गुण आला," थोरली हसली.

मी म्हटलं, "वहिनी, तिथल्या नसाच जळल्यात. दुखायला काही उरलंच नाय."

सलाईन लावून धाकटीला मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. स्ट्रेचरवरून तिने एवढंच विचारलं, "सिस्टर, गणपतीचे डोळे मीच आखते. जमंल ना?"



भाजल्यावर तुमच्या घरी आधी काय लावतात? खरं सांगा.