कलाकार तुमचे कोण?

आत्या निवृत्त होऊन घरी आली ती कान किटलेलेच घेऊन. रेडिओ केंद्रात बावीस वर्षं ती टेलिफोनपाशी बसली होती. घरातला फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जायची आणि डावा कान चोळत बसायची.

परदेशी गाण्यांच्या लोंढ्यात इथली गाणी रेडिओवर लागेनाशी झाली, तेव्हा सरकारने एक योजना काढली. इथल्या कलाकाराला रेकॉर्ड काढायला अनुदान, केंद्रालाही अनुदान, आणि त्या बदल्यात केंद्राने दर शनिवारी दुपारी इथलीच दहा गाणी लावायची, श्रोत्यांनी फोनवरून ठरवलेल्या क्रमाने. ते फोन आत्या घ्यायची. पहिल्याच वर्षी तिच्या लक्षात आलं की श्रोते म्हणजे बहुतेक कलाकारांच्या सासवा, मेहुणे आणि भाचरं. तेव्हापासून मत लिहून घेण्याआधी ती विचारायची, "कलाकार तुमचे कोण?" नातं निघालं की मत बाद. लोक सर्रास खोटं बोलायचे, पण तिला आवाजावरून कळायचं. एका सासूबाईंनी तीन वेगवेगळे आवाज काढून फोन केले, तर आत्याने तिन्ही वेळा त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली.

माझे बाबा तिचा धाकटा भाऊ. दिवसभर खिडक्यांना काचा बसवायचे आणि संध्याकाळी क्लॅरिनेट वाजवायचे. आत्या नोकरीत होती तोवर त्यांनी अनुदानासाठी अर्जच केला नाही, उगाच तिच्यावर बालंट नको म्हणून. ती घरी बसली त्याच महिन्यात केला. तोवर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. रेकॉर्ड निघाली. गाणं चार आठवडे पहिल्या दहांत टिकलं तर दुसऱ्या रेकॉर्डलाही अनुदान मिळणार होतं. तीन आठवडे ते कसंबसं टिकलं.

चौथ्या शुक्रवारी, केंद्रात फोन घेणं बंद व्हायला तासभर उरला असताना, बाबांनी आत्यापुढे फोन आणून ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं.

"ताई, एकदाच," ते म्हणाले.

आत्याने नंबर फिरवला, गाणं सांगितलं. पलीकडे तिनेच तयार केलेली मुलगी होती. तिने तो प्रश्न विचारला असणार, कारण आत्याने एकदा बाबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "भाऊ आहे माझा," आणि फोन ठेवला.

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठले आणि हत्यारांची पेटी उचलून कामावर गेले.

मला मात्र आत्याचा भयंकर राग आला. साखर मागून आणते असं सांगून मी शेजारी गेले आणि तिथून केंद्राला फोन लावला. आवाज घोगरा काढला. "कुणी नाहीत माझे," असं म्हटलं आणि फोन ठेवला. परत आले तेव्हा आत्या स्वयंपाकघरात उभी होती. तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

शनिवारी आम्ही कानांत प्राण आणून बसलो. बाबांचं गाणं दहावं आलं, एका मताने.

त्या मुलीने ताईचा मान ठेवला, ताईचं मत धरलंच, असं म्हणत बाबांनी आत्याचे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण शिकवलेली मुलगी असं मत धरणार नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"धरलं असेल," ती म्हणाली.

दुसरी रेकॉर्ड निघाली. तिच्या पाकिटावर बाबांनी 'ताईच्या त्या एका फोनला' असं लिहून पहिली प्रत आत्याला दिली. ती प्रत तिच्या कपाटात आहे, पाकीटही तिने उघडलेलं नाही. बाबा ही गोष्ट येईल त्याला कौतुकाने सांगतात. केंद्रातले जुने लोक भेटले की तिला चिडवतात, शेवटी तुम्हीही भावासाठी वाकलात म्हणून. ती कान चोळत हसते. बावीस वर्षांचं नाव असं हसून घालवताना मी तिला किती वेळा पाहिलं, आणि दर वेळी मला माझीच लाज वाटली.

परवा राहवलं नाही. मी तिला म्हटलं, बाबांना आता सगळं सांगून टाकते.

आत्या दमल्यासारखी खुर्चीत टेकली.

"काय सांगणार आहेस?" ती म्हणाली. "ते तुझे कुणी नाहीत, असं?"